जनावरांचे केस कापायचं मशीन: धारेला पाठवण्याआधी काय तपासायचं

मशीन केस कापेना झालं की आपल्याकडचं निदान ठरलेलं असतं: ब्लेड बोथट झालं. मग ब्लेड धारेला जातं, आठवडाभर दुकानात पडून राहतं, परत आल्यावर दोन म्हशी नीट होतात आणि तिसरीला पुन्हा केस ओढले जातात. बऱ्याच वेळा धार शाबूत असते. दातांच्या मधे मळ बसलेला असतो, तेल आटलेलं असतं, नाहीतर ब्लेड दाबून धरणारा नॉब नको तेवढा आवळलेला असतो. म्हणून तपासायचा क्रम पक्का ठेवा. आधी सफाई, मग तेल, मग टेन्शन, म्हणजे त्या नॉबचा दाब. तिन्ही करूनही केस तुटत नसतील तेव्हाच धारेचा विषय काढायचा.

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात ही मशिनं तीन ठिकाणी दिसतात. एक, म्हशी भादरायला. दुसरं, साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्यांची लोकर काढायला, जरी अजून बरेच जण हातातली कातरच वापरतात. आणि तिसरं, दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरायच्या आधी घोडे तयार करायला. काम वेगळं, ब्लेडही वेगळं. मेंढीच्या मशीनला बहुतेक वेळा १३ दातांची रुंद फणी आणि तिच्यावर ४ दातांचा कटर असतो. म्हैस, घोडा, गाय यांच्यासाठी बारीक आणि जास्त दातांची सपाट ब्लेडं येतात. मेंढीची फणी म्हशीवर चालवू नका. दोन दातांमधली फट मोठी असल्यामुळे म्हशीच्या मानेच्या, कासेजवळच्या सैल कातडीची घडी त्या फटीत शिरते आणि कापली जाते.

मशीन कापतं कसं

एवढं समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. खाली फणी असते, ती जागेवर स्थिर. वर कटर असतो, तो डावी-उजवीकडे सरकतो. कात्रीच्या दोन पात्यांसारखे हे दोन तुकडे एकमेकांना चिकटून सरकतात, आणि मधे आलेला केस तुटतो. कटरला फणीवर दाबून धरण्याचं काम स्प्रिंग आणि नॉब करतात. त्या दाबालाच टेन्शन म्हणतात. मधे मातीचा कण, केसाचा पुंजका किंवा वाळलेल्या तेलाचा थर आला की दोन्ही तुकडे एकमेकांपासून कणभर उचलले जातात. मग केस तुटत नाही, मधे वाकतो आणि ओढला जातो. जनावर उसळतं, आपण नॉब आणखी आवळतो, घर्षण वाढतं, ब्लेड तापतं, मोटर तापते. मशीन खराब होण्याची सुरुवात इथून होते, आणि दोष धारेवर जातो.

आधी जनावर झाडून घ्या

मशीनची देखभाल जनावराच्या अंगापासून सुरू होते. आपली काळी माती अंगावर वाळली की तिचे कण केसांच्या मुळाशी घट्ट बसतात. डबक्यात लोळलेल्या म्हशीवर थेट मशीन लावणं म्हणजे ब्लेड मातीवर घासणं. आदल्या दिवशी म्हैस चोळून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. दुसऱ्या दिवशी कडक ब्रशने किंवा खराऱ्याने झाडा, मग मशीन हातात घ्या. ओल्या केसांवर मशीन कधीच चालवू नये. ओला केस चिकटून बसतो, आणि विजेचा धोका तो वेगळाच.

मेंढ्यांच्या लोकरीत गोखरू, कुसळं, बाभळीचे काटे अडकलेले असतात. मोठे हाताने काढून टाका. काट्यावर फणीचा दात एकदा आपटला की तो वाकतो किंवा तुटतो, आणि तुटलेल्या दाताची फणी कातडी फाडते. तिला धार लावून उपयोग नाही, ती टाकूनच द्यायची.

मशीन जमिनीवर ठेवायची सवयही सोडा. खुंटीला अडकवा किंवा स्वच्छ पोत्यावर ठेवा. तेलकट ब्लेडला गोठ्यातली धूळ लगेच चिकटते.

चालू कामातलं तेल

एका ठेलारी बाबांनी पोराला सांगितलेलं वाक्य मला फार आवडतं: "पहिले मशीनले तेल दे, मंग ढोरले हात लाव." यात फक्त एवढंच जोडायचं की एकदा देऊन भागत नाही. सुरू करण्याआधी द्या आणि मग चालू कामात दर पाच ते दहा मिनिटांनी द्या. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा पाच मिनिटंच धरा.

तेल कुठे द्यायचं? दातांच्या रांगेवर दोन-तीन थेंब, कटर आणि फणी जिथे एकमेकांवर घासतात त्या दोन्ही कडांना एकेक थेंब, आणि मशीनच्या डोक्यावर तेलाचं भोक असेल तर तिथे एक-दोन. मशीनचं तोंड खाली धरून काही सेकंद चालू ठेवा, तेल पसरतं. जादा तेल फडक्याने टिपून घ्या, नाहीतर त्यावर केस चिकटतात. फडकं लावण्याआधी मशीन बंद करायचं, हे सांगायची गरज पडू नये.

कोणतं तेल, यावरून गावोगाव वाद असतात. मशीनसोबत येणारं क्लिपर तेल उत्तम. ते संपलं तर शिलाई मशीनचं पातळ, बिनरंगाचं तेल चालतं. खोबरेल नको. साधारण २४-२५ अंशांखाली ते गोठतं, आणि सारंगखेड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे मशीन काढलं तर ब्लेडमधे पांढरा गोळा सापडेल. शेंगदाणा, तीळ, करडई यांची तेलं हवेत हळूहळू चिकट होतात आणि दातांमधे डिंकासारखा थर धरतात. ट्रॅक्टरचं काढलेलं काळं ऑइल तर अजिबात नको. त्यात धातूचा कीस आणि काजळी असते, शिवाय ते जनावराच्या अंगाला लागतं. गंज सोडवायचा स्प्रे गंजापुरता ठीक आहे. त्याचं वंगण टिकत नाही.

दर काही मिनिटांनी ब्लेड स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहा. तिथे चटका बसत असेल तर जनावरालाही बसतो. कातडी लाल होते, नंतर खाज सुटते, आणि पुढच्या वेळी ते जनावर मशीनचा आवाज ऐकूनच दाव्याला हिसके देतं. ब्लेड तापलं तर थांबा. ज्यांच्याकडे दहा-पंधरा म्हशी आहेत त्यांनी ब्लेडचे दोन जोड ठेवावेत. एक निवत असताना दुसरा चालतो. थंड करायचे स्प्रे मिळतात, पण ते ब्लेडवरचं तेल धुऊन नेतात, म्हणून स्प्रे मारल्यावर पुन्हा तेल द्यावं लागतं.

टेन्शन

सगळ्यात जास्त मशिनं इथे मरतात. आवळल्याने धार वाढत नाही. आवळल्याने फक्त घर्षण वाढतं.

मशीनच्या पुस्तिकेत दिलेली पद्धत पहिली, कारण कंपनीगणिक फेऱ्यांचा हिशेब वेगळा असतो. पुस्तिका हरवली असेल (ती हरवतेच) तर असं करा. मशीन बंद ठेवून नॉब सैल करा. मशीन चालू करा, पोटाच्या कडेच्या केसांवर लावा आणि कापायला लागेपर्यंत नॉब थोडा थोडा आवळत जा. ज्या ठिकाणी स्वच्छ कापायला लागेल तिथे थांबा. पुढे एक पाव फेरीही नको. ब्लेड कोरडं असेल तर हा अंदाज चुकतो, म्हणून आधी तेल.

कापताना अर्ध्या तासाने ओढायला लागलं तर हात नॉबकडे जाऊ देऊ नका. आधी ब्रशने दात साफ करा, तेल द्या, पुन्हा लावून बघा. तरीही ओढत असेल तर पाव फेरी आवळा. तेवढ्यानेही फरक पडत नसेल तर मशीन बंद करून ब्लेड खोला. मधे केसांचा पुंजका अडकलेला असण्याचीच शक्यता जास्त.

कानही वापरा. नीट बसलेल्या मशीनचा आवाज एकसारखा असतो. जास्त आवळलं की मोटर दबून आवाज जड होतो. फार सैल असेल तर ब्लेडचा खडखडाट ऐकू येतो.

काम संपल्यावर

इथला अर्धा तास मशीनचं आयुष्य ठरवतो, आणि नेमका तोच टाळला जातो, कारण तोवर धारा काढायची वेळ झालेली असते.

सगळ्यात आधी पिन बोर्डातून काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. ब्लेडजवळ बोटं असताना कोणी चुकून बटण दाबलं तर काय होईल, ते सांगायला नको. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढून घ्या.

नॉब पूर्ण सैल करा. फणीचे दोन स्क्रू पेचकसाने ढिले करा आणि फणी, कटर वेगळे काढा. काढताना कोणता कटर कोणत्या फणीसोबत होता हे लक्षात ठेवा. दोन्ही एकत्र झिजून एकमेकांना बसलेले असतात, जोड बदलला की नव्यासारखं कापणं जातं. एकाहून जास्त जोड असतील तर प्रत्येक जोड वेगळ्या कागदात गुंडाळून त्यावर नंबर टाका.

आता ब्लेड कोरड्या ब्रशने झाडा. जुना दात घासायचा ब्रश दातांच्या मुळाशी छान पोहोचतो. लोकरीतला मेणासारखा चिकट मळ ब्रशने निघत नाही. त्यासाठी उथळ ताटलीत थोडं रॉकेल किंवा डिझेल घ्या, फणी आणि कटर दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि घासा. पेट्रोल वापरू नका. त्याची वाफ लगेच पेट घेते. काही जण मशीन चालू ठेवून फक्त ब्लेडचं टोक रॉकेलमधे धरतात. मला ते पटत नाही. कार्बनच्या (मोटरला आत वीज पोचवणाऱ्या, घासून झिजणाऱ्या तुकड्यांच्या) मोटरमधे ठिणग्या उडतात, आणि द्रव डोक्यातून आत चढला तर आतलं ग्रीस धुऊन जातं.

धुतलेली ब्लेडं सुती फडक्याने कोरडी करा, दाताच्या फटीतलाही ओलावा टिपा, आणि मगच तेलाचा पातळ हात फिरवा. पाण्याने धुतली असतील तर थोडा वेळ उन्हात ठेवून मग तेल लावा.

मशीनचं डोकं पाण्यात किंवा रॉकेलात बुडवायचं नाही. आतल्या फटीतले केस कोरड्या ब्रशने बाहेर ओढा. पंक्चरच्या दुकानातला हवेचा पाइप मारायचा मोह होतो, पण त्या हवेत टाकीतलं पाणी असतं, आणि जोराच्या झोताने केस बाहेर येण्याऐवजी बेअरिंगकडे आत ढकलले जातात. मारायचीच असेल तर हलक्या दाबाने आणि आतून बाहेरच्या दिशेने.

मागच्या टोकाला हवेची जाळी असते. तिच्यातूनच मोटर थंड होते. बारीक केसांची साय या जाळीवर फार लवकर धरते, विशेषतः म्हशीच्या कामात. कामाच्या मधे एकदा आणि शेवटी एकदा जाळी काढून ब्रशने झाडा. जाळी फाटली तर नवी घ्या. जाळीशिवाय मशीन चालवलं की केस थेट वाइंडिंगवर, म्हणजे मोटरच्या तारेच्या गुंडाळीवर जातात.

परत जोडताना एक माप पाहा. कटरच्या दातांची टोकं फणीच्या टोकांच्या थोडी मागे हवीत. सपाट ब्लेडांमधे साधारण दीड-दोन मिलिमीटर. कटर फणीच्या पुढे आला तर तो सरळ कातडीवर चालतो. दोन्ही स्क्रू आधी सैल लावून फणी सरळ करा, मग आवळा. नॉब सैलच राहू द्या. आवळून ठेवलेलं मशीन महिनाभर पेटीत पडलं की स्प्रिंग बसते.

डोक्याच्या आत गिअर असतात त्यांना ग्रीस लागतं. ते किती दिवसांनी आणि कोणतं, हे पुस्तिकेप्रमाणेच करा. तिथे अंदाजाने डबाभर ग्रीस भरलं तर ते तापून बाहेर येतं.

मशीनवरून पसरणारे रोग

गावात मशीन एकाचं असतं आणि फिरतं दहा गोठ्यांत. गजकर्ण, खरूज, उवा हे सगळं ब्लेडवर बसून पुढच्या गोठ्यात जातं. गजकर्ण माणसालाही होतो, भादरणाऱ्याच्या हातावर आधी दिसतो. मेंढ्यांमधे कातरताना झालेल्या जखमांतून गाठींचा पुवाळलेला आजार शिरतो, म्हणून जखमा कमी होणं आणि ब्लेड स्वच्छ असणं दोन्ही लागतं.

रोगी जनावर कधीही शेवटी घ्या. अंगावर गाठी असतील, ताप असेल तर घेऊच नका. २०२२ च्या ऑगस्टमधे राज्यातला लम्पीचा पहिला रुग्ण आपल्याच रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडला होता, त्यामुळे गाठी म्हटल्यावर काय करायचं हे इथे कोणाला समजवावं लागत नाही. डॉक्टरला बोलवा, मशीन लांब ठेवा.

एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाताना ब्लेड झाडून, तेलकटपणा पुसून ७० टक्के स्पिरिट लावा आणि ते पूर्ण उडून गेल्यावरच मशीन चालू करा. मळ तसाच ठेवून स्पिरिट मारलं तर त्याचा काही उपयोग नाही. गजकर्णाचे बीजाणू मात्र स्पिरिटला सहज दाद देत नाहीत. त्यासाठी प्लास्टिकचा भाग नसलेली फणी आणि कटर आधी साबणाने धुवा, मग दहा-पंधरा मिनिटं पाण्यात उकळा, लगेच कोरडी करा, तेल लावा. घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग असं मिश्रणही चालतं, पण दहा मिनिटांहून जास्त बुडवली तर पोलादाला गंज धरतो, आणि नंतर साध्या पाण्याने धुवावंच लागतं. ब्लीचमधे फिनाइल किंवा ॲसिड मिसळू नका. ज्या गोठ्यात गजकर्ण मुरलेला आहे त्यांनी त्या जनावरांसाठी एक जुना जोड कायमचा वेगळा ठेवलेला बरा.

कापलेले केस उकिरड्यावर उडू देऊ नका. गोळा करून पुरा.

वायर, कार्बन आणि आपली वीज

शेतातल्या गोठ्यात विजेचा दाब कमी-जास्त होतच राहतो. दाब उतरला की मोटर कण्हायला लागते आणि गरम होते. अशा वेळी काम रेटू नका. लांब, बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड हाही दाब खातो. पंधरा-वीस मीटर वायर न्यायचीच असेल तर १.५ चौरस मिलिमीटरची घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर लोड असताना तापते.

गोठ्यात फरशी ओली असते आणि म्हैस पाण्यात उभी असते. माणसापेक्षा तिला धक्का लवकर मारतो. बोर्डाला ३० मिलिॲम्पिअरची ईएलसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. वायर मशीनमधे शिरते त्या जागी सगळ्यात आधी तुटते, म्हणून मशीनला वायरनेच गुंडाळायची सवय सोडा. साल निघालेली दिसली तर टेप मारून चालवू नका, वायर बदला.

मोटर अडखळत चालणं, मागच्या फटीतून मोठ्या ठिणग्या दिसणं, जळका वास येणं ही कार्बन संपल्याची लक्षणं. बऱ्याच मशिनांना बाजूला दोन टोप्या असतात, त्या फिरवल्या की कार्बन बाहेर येतो. एक तृतीयांश उरला असेल तर बदला, आणि दोन्ही एकदम बदला. ग्राइंडर-ड्रिलची दुरुस्ती करणाऱ्यांकडे कार्बन मिळतात, पण जुना सोबत न्या. माप थोडं जरी मोठं असलं तरी तो खाचेत अडकतो. कानस मारून बसवणारे असतात, त्यांच्या नादी लागू नका. नवे कार्बन बसवल्यावर ब्लेड न लावता काही मिनिटं मशीन रिकामं चालवा.

चार्जिंगच्या मशीनची बॅटरी पत्र्याच्या शेडमधे किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका. आपल्या मेमधे तो पत्रा बॅटरी संपवतो. महिनोन्‌महिने वापरायची नसेल तर अर्धी चार्ज करून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा.

आता धार

सफाई, तेल, टेन्शन झालं आणि तरी केस तुटत नाहीत, तर धार लावायची वेळ आलीच आहे. रस्त्यावर चाकू-विळ्याला धार लावणाऱ्याकडे ही ब्लेडं देऊ नका. त्याची चूक नाही, त्याच्या चाकावर हे काम होतच नाही. विळ्याची कड घासायची असते, आणि इथे पूर्ण पृष्ठभाग एकसारखा घासावा लागतो, तोही फिरत्या सपाट तबकडीवर बारीक एमरी (घासायची पूड) लावून. कडेकडेने घासलं की ब्लेड दिसतं चकचकीत, पण दोन तुकडे एकमेकांवर बसत नाहीत.

देताना फणी आणि कटर दोन्ही द्या, जोडीने, स्वच्छ करून, वेगवेगळ्या कागदात. फक्त कटर धारेला देणं म्हणजे पैसे वाया. परत आल्यावर दोन्ही एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरा. दातांच्या टोकांना ते टेकलेले दिसले पाहिजेत. टोकांत उजेड दिसला तर तिथल्या तिथे परत करा.

घोड्यांसाठी धार करून घ्यायची असेल तर सारंगखेड्याच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नका. अंगावर ब्लेडच्या रेषा उठतात त्या मिटायला दहा-पंधरा दिवस लागतात, म्हणून केस त्याआधीच काढलेले हवेत. केस काढल्यावर रात्री झूल घाला, डिसेंबरात तापीकाठची थंडी बोचते.

पावसाळ्यात ठेवताना

ब्लेडं तेलात बुचकळून तेलकट कागदात गुंडाळा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. मशीन युरियाच्या गोण्यांजवळ, मिठाच्या पोत्याजवळ किंवा गोठ्यातच टांगून ठेवू नका. खताची ओल आणि गोमूत्राचा वाफारा लोखंड खातो. कापूस साठवलेल्या खोलीत उंदीर वायर कुरतडतात, तिथे तर नकोच. महिन्यातून एकदा डबा उघडा, गंजाचा ठिपका दिसला तर तेलाच्या फडक्याने घासून काढा. पेटी बंद करण्याआधी कार्बनची एक जोडी, फणीचे दोन जादा स्क्रू आणि तेलाची बाटली आत टाकून ठेवा. ऐन कामाच्या दिवशी तालुक्याला फेरी मारावी लागते ती बहुधा एका हरवलेल्या स्क्रूसाठीच.